फुगे आणि बिबट्या

चित्रकलेचा आणि माझा संबंध चौथीतच संपला. गुरुजींनी गाय काढायला सांगितली होती. मी काढली. त्यांनी वही हातात घेतली, जरा लांब धरली, मग उलटी धरून पाहिली आणि खाली लाल शाईनं शेरा मारला, 'म्हैस बरी. आता गाय काढ.' त्यानंतर मी आयुष्यात कुठलंही जनावर काढलं नाही. घरचा नकाशासुद्धा पाहुण्यांना तोंडी सांगतो.

अशा माणसाला चित्रकथा स्पर्धेचा परीक्षक म्हणून कोणी बोलावील, असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण माझे एक आतेभाऊ जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक आहेत आणि ज्या चित्रकार गृहस्थांना त्यांनी बोलावलं होतं, त्यांना ऐनवेळी लग्नाचं निमंत्रण आलं. जेवणावळीपुढं कलेनं हार खाल्ली. आदल्या रात्री फोन आला, "दादा, तू येच. चित्र काढता यायची काही गरज नाही. आता मुलांनाही काढावी लागत नाहीत."

हे दुसरं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. गरज नाही म्हणजे? चित्रकथा आहे आणि चित्र काढायचं नाही? लाडू वळायचे आणि हात लावायचा नाही, असला प्रकार! पण भाऊ म्हणाला, "येऊन बघ."

गेलो. स्पर्धा ग्रंथालयात होती. आमच्या वेळी ग्रंथालय म्हणजे एक कपाट असे आणि कपाट म्हणजे मुख्यतः कुलूप असे. पुस्तकांना वाळवीपेक्षा मुलांचं भय जास्त, अशी शाळेची ठाम समजूत होती. आता तिथं स्वतंत्र खोली आहे, सतरंज्या आहेत, भिंतीवर पुस्तकं टांगलेल्या दोऱ्या आहेत. बघून बरं वाटलं. कपाट मात्र तेच आणि कुलूपही बहुधा तेच. फरक एवढाच, की आता त्यात माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेले टॅब ठेवतात. जमाना बदलतो, किल्ली बदलत नाही.

तर त्या टॅबवर चित्रकथा करायचं एक साधन होतं. अशी साधनं जगात पुष्कळ आहेत. कॉमिक लाइफ, पिक्सटन, स्टोरीबोर्ड दॅट ही त्यांतली काही नावं. कॅनव्हावरही चित्रकथेच्या तयार चौकटी मिळतात. आमच्या शाळेत होतं ते कुठलं, हे सांगत नाही. गुण गावेत नावानिशी, दोष सांगताना नाव विसरावं. रीत साधारण सगळीकडे सारखी. आधी चौकटी निवडायच्या. मग मागचा देखावा निवडायचा. मग पात्र. पात्राला बोटानं धरून देखाव्यात ओढून सोडायचं. मग त्याची मुद्रा : हसरी, रडकी, चिडकी, चकित. मग बोलण्याचा फुगा आणि फुग्यात मजकूर. झाली चित्रकथा. सातवीतल्या एका मुलीनं मला हे चार मिनिटांत करून दाखवलं. पाचव्या मिनिटाला रेंज गेली.

रेंज जाण्याचं मला नवल वाटलं नाही. पण जरा वाईट वाटलं. कारण तिथून काही मैलांवर खोडदची प्रचंड दुर्बीण आहे. एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या असतात. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला रेडिओ संकेत त्यांनी टिपल्याचं २०२३ साली जाहीर झालं. म्हणजे ८८० कोटी वर्षांपूर्वीचा निरोप आमच्या तालुक्यात पोचतो, आणि सातवीतल्या मुलीचा फुगा मात्र गोल गोल फिरत राहतो. असो. विश्वाच्या पसाऱ्यात कोणाला रेंज मिळेल ते नशिबावर असतं.

रेंज आली आणि मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून एकेक चित्रकथा वाचायला घेतली.

पहिलीच होती शिवजन्माची. १६३० साल, शिवनेरी किल्ला. आमच्या मुलांना खिडकीतून दिसणारा. पण साधनाच्या पोतडीत किल्ला म्हणून जो होता तो टोकदार मनोऱ्यांचा, खंदकावर उचलता पूल असलेला, परीकथेतला. जिजाऊ म्हणून घेरदार झग्यातली, सोनेरी केसांची एक राणी उभी होती. मुलानं तिला निदान हसरी ठेवली नव्हती, एवढा विवेक केला होता. वरती शीर्षक होतं, 'शविनेरी'. मला आधी वाटलं, शुद्धलेखनाची बोंब. पण तो बिचारा म्हणाला, "सर, मी बरोबरच लिहिलंय. फुग्यात गेल्यावर असं होतं." खरंच होतं. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर उच्चारतो, पण लिहितो अक्षराच्या आधी. देवनागरीची ही खोड ज्या यंत्राला माहीत नसते, ते वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवतं. शिवबांच्या जन्मस्थानाची अशी दैना मोगलांनासुद्धा जमली नव्हती.

दुसरी होती नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची. बाजार म्हणून काचेच्या कपाटांचं वातानुकूलित दुकान. त्यात टोमॅटो विकायला टाय लावलेला गृहस्थ. तिसरीत एसटीनं भीमाशंकरला निघालेलं कुटुंब. एसटी पिवळी, परदेशी शाळेची. चौथीत आजी. आजी म्हणजे पांढऱ्या केसांचा अंबाडा, डोळ्यांवर गोल चष्मा, स्कर्ट आणि हातात लोकर विणायच्या सुया. आंबेगाव तालुक्यात उन्हाळ्याच्या दिवसांत लोकर विणणारी आजी शोधून सापडली, तर तिला दवाखान्यात न्यावं लागेल.

आणि सगळ्या गोष्टींत तोच एक मुलगा. टोपी उलटी घातलेला, गाल गुलाबी. कुठं तो शिवबाचा मावळा, कुठं टोमॅटोवाल्याचा पोरगा, कुठं भीमाशंकरचा भक्त. तीस चित्रकथा आणि एकच नट! नारायणगावला जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं निदान फड निवडायला मिळतो. इथं सगळ्या गावांच्या जत्रेला एकच सोंगाड्या.

आता इथं वाचकांना वाटेल, हा म्हातारा यंत्राच्या नावानं बोटं मोडायला बसला. तसं नाही. मी चित्रकथांच्या पक्षाचा माणूस आहे. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचावा लागे. त्यामुळे माझा भूगोल कच्चा राहिला, पण वेताळाची कवटीची गुहा मी अजूनही नकाशाविना दाखवीन. मोठ्यांना चित्रकथांचं भय फार जुनं. अमेरिकेत १९५४ साली मुलं चित्रकथांमुळे बिघडतात की काय, याची सिनेटपुढं चौकशी झाली. आपल्याकडे अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्रकथा' सुरू केली, तीही मुलांना ग्रीक देवांची नावं येतात आणि रामाच्या आईचं येत नाही, हे एका प्रश्नमंजूषेत पाहून. तेव्हा ज्या शाळेत एके काळी चित्रकथा जप्त होत, त्याच शाळेत आज त्या करायला शिकवतात, याचा मला आनंदच आहे. माझा वेताळ मात्र त्या वेळी जप्त झाला तो झालाच. तो कोणत्या गुरुजींनी घरी नेऊन वाचला, हे अजून कळलेलं नाही.

यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. त्या टोमॅटोच्या चित्रकथेचा कर्ता म्हणजे एक अबोल मुलगा. बाई म्हणाल्या, "हा वर्गात हजेरीलासुद्धा मान हलवतो." पण त्याचे फुगे वाचले आणि मी सरसावून बसलो. पहिल्या चौकटीत बाप म्हणतो, "आज भाव बरा दिसतोय." दुसरीत व्यापारी म्हणतो, "काल यायला पाहिजे होतं." तिसरीत बाप मुलाला म्हणतो, "क्रेट मोकळे करून आण. मोकळे तरी घरी नेऊ." टाय लावलेला गृहस्थ मग मला दिसेनासाच झाला. ज्या मुलाच्या तोंडून शब्द निघत नाही, त्याला फुगा देताच तो बोलला. निबंधात 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' या विषयावर दहा ओळी लिहिताना हाच मुलगा 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' असं लिहून मोकळा झाला असता. फुगा लहान असतो. त्यात पोशिंदा मावत नाही. मोकळे क्रेट मावतात. एवढं एक काम ज्या साधनानं केलं, त्याला नमस्कार.

म्हणजे माझी तक्रार फुग्याबद्दल नाही, चित्राबद्दल आहे. 'आमच्या मुलांना चित्र येत नाही, म्हणून तयार चित्रं' हे जे कारण सांगतात, ते मला पटत नाही. युरोपात ज्याला चित्रकथेचा जनक म्हणतात तो रोडॉल्फ टॉपफर हा जिनिव्हाचा शाळामास्तर होता. बाप चित्रकार. याचे डोळे अधू, म्हणून चित्रकार होता आलं नाही, मास्तर झाला. १८२७ पासून त्यानं आपल्या मुलांच्या करमणुकीसाठी वेड्यावाकड्या रेषांत गोष्टी काढल्या. त्या गेटेनं पाहिल्या आणि तो खूष झाला. म्हणजे चित्रकथेचा उगमच मुळी चित्र नीट काढता न येणाऱ्या मास्तराच्या हातून झालेला आहे. आमच्या गुरुजींना हे ठाऊक असतं तर त्यांनी माझी म्हैस अशी एका शेऱ्यात कापली नसती.

चित्र चांगलं येणं वेगळं आणि चित्र काढणं वेगळं. आजी काढायला बसलं, की आजीकडं बघावं लागतं. ती पदर कुठून घेते, बसताना कुठला गुडघा आधी टेकते, कानात काय घालते. चित्र फसलं तरी बघणं फसत नाही; ते पदरात पडतंच. तयार आजी ओढून सोडली, की बघणं वाचतं. वेळही वाचतो. पण त्या वाचलेल्या वेळाचं काय करायचं, हे साधनात सांगितलेलं नसतं.

आणि दुसरं म्हणजे चौकट. साधनात चार चौकटींचा नमुना पहिला येतो, म्हणून सगळ्यांनी चारच घेतल्या. शिवजन्म ते राज्याभिषेक चार चौकटींत! चित्रकथेची खरी गंमत दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत असते. पहिल्या चौकटीत दगड उचललेला हात, दुसरीत फुटलेली काच; मधला नेम वाचकानं मारायचा. काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं म्हणजेच चित्रकथा. ते जर यंत्रानं आधीच ठरवून ठेवलं, तर मुलानं काय केलं? रिकाम्या जागा भरल्या. रिकाम्या जागा भरा हा प्रश्न परीक्षेत असतोच. त्यासाठी टॅब कशाला हवा?

हे सगळं मला आता सुचतंय. त्या दिवशी मी काय केलं ते ऐका. मी शिवजन्माला पहिलं बक्षीस दिलं. रंग छान होते, आणि शिवजन्माला दुसरं बक्षीस द्यायला धैर्य लागतं. दुसरं टोमॅटोला. आणि 'बिबट्या आला' नावाची एक चित्रकथा होती, ती बाजूला काढून ठेवली. तिच्यात घनदाट जंगल, नारळाची झाडं, आणि बिबट्या म्हणून पट्ट्यापट्ट्यांचा वाघ. वाघाच्या फुग्यात इंग्रजीत 'हाय' असं होतं. फुगा उघडला की यंत्र ते आपणहून घालतं. पुसायचं राहून गेलं होतं. मी हसलो. मोठ्यानं हसलो. परीक्षकानं हसू नये.

बक्षिसं वाटून झाली. चहा येतोय तोवर मी सतरंजीवर पसरलेल्या वह्या चाळत होतो. एका वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं आखलेल्या पाच चौकटी दिसल्या.

पहिल्या चौकटीत नुसत्या उभ्या रेषा. दाट, वरपासून खालपर्यंत. ऊस. दुसरीत त्याच रेषा आणि त्यांत दोन ठिपके. तिसरीत गोठ्याचं दार, आणि दारात पाठमोरी म्हातारी, हातात बॅटरी. पदर कमरेला खोचलेला. बॅटरीचा उजेड उसापर्यंत पोचत नव्हता; तो मधेच संपल्याचं पेन्सिलीनं खोडून खोडून दाखवलं होतं. चौथीत पुन्हा उभ्या रेषा, पण मधल्या चार वाकलेल्या. पाचवीत खुंटी, साखळी, आणि साखळीच्या टोकाला कुत्र्याचा पट्टा. कुत्रं नव्हतं.

मी चहा खाली ठेवला. वही कोणाची, विचारलं. 'हाय' म्हणणाऱ्या वाघाचीच मुलगी पुढं आली.

"हे तू काढलंस?"

"हां."

"मग हे का नाही दिलं?"

"बाई म्हणल्या, स्पर्धा टॅबची हाय. अन् त्याच्यात उसाचं चित्र मिळंना. बिबट्यापण मिळंना."

"आणि यात फुगा कुठंच नाही?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की परीक्षक ती आहे. म्हणाली, "सर, बिबट्या आल्यावर कोण बोलतंय?"

मला काही बोलता आलं नाही.

जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कुकडी प्रकल्पात या भागात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्या गावाच्या नावानं तालुका आहे ते आंबेगावच गेलं. पाण्यामागून कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. आमचा बिबट्या जंगलात राहत नाही. मादी उसात पिल्लं घालते. तोड सुरू झाली की कोयत्यापुढं पिल्लं सापडतात. पकडलेले, जखमी, पोरके बिबटे ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र आहे. इथली मुलं संध्याकाळी घोळक्यानं घरी जातात, मोठ्यानं बोलत जातात, आणि उसाच्या कडेला वाकून बसत नाहीत. हे त्यांना कोणी धड्यात शिकवलेलं नाही. त्या मुलीच्या पाच चौकटींत ते सगळं होतं. यंत्राच्या चार चौकटींत नारळाची झाडं होती. आणि मी हसलो होतो यंत्रावर नव्हे, तिच्यावर. कारण खाली नाव तिचं होतं.

मग मी आभाराच्या भाषणाला उभा राहिलो. ठरवलेलं भाषण 'तंत्रज्ञान आणि कला' असं होतं. ते खिशातच राहिलं. मी मुलांना नाणेघाटाबद्दल सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी तिथल्या लेण्यात आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव कोरलं : राजा सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि बाकीची मंडळी. चित्र आणि वर अक्षर. म्हणजे चित्रकथेचंच एक पान. मूर्ती गेल्या. आता पावलांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरलीत. पण जो कोणी ती नावं वाचतो, तो खाली मोकळ्या जागेकडं बघतो आणि राणी कशी उभी असेल, हे मनात काढायला लागतो. कोणी तिथं तयार राणी आणून चिकटवली, झग्यातली, तर तुम्हाला चालेल का? मुलं एका सुरात ओरडली, "नाऽऽही!" शिवजन्मवाला मुलगा जरा हळू ओरडला.

मुख्याध्यापक नंतर कोपऱ्यात गाठून म्हणाले, "दादा, तू तर आमच्या टॅबवर पाणी ओतलंस. वर्गणी दिलेले लोक बसले होते."

मी म्हटलं, "पाणी नाही ओतलं. त्या टॅबला कॅमेरा आहे ना?"

"आहे."

"मग झालं. कागदावर काढू दे. फोटो घेऊ दे. तो चौकटीत टाकू दे. फुगे यंत्राचे, चित्र हाताचं. ज्याला काढायची लाज वाटते, त्यानं आजीचाच फोटो घ्यावा. आजी नाही म्हणणार नाही." यात माझी काही अक्कल नाही. कॉमिक लाइफसारखं साधन मुळात स्वतःचे फोटो चौकटीत बसवण्यासाठीच केलेलं आहे. आणि आपल्याकडे कोकणात, पिंगुळीचे चित्रकथी हातानं रंगवलेली पानं पुढं धरून रामायण-महाभारत सांगत आले आहेत. साधन काही का असेना, पान आपलं पाहिजे.

बाई मात्र तिथंच उभ्या होत्या. त्या काही न बोलता कपाटाकडं गेल्या, टॅब काढला आणि वहीच्या मागच्या पानाचा फोटो घेतला. पडद्यावर ते पान उमटलं. उसाच्या रेषा, दोन ठिपके, बॅटरीचा अर्धवट उजेड. यंत्रानं लगेच विचारलं, फुगा हवा का? मुलीनं 'नको'वर बोट ठेवलं. मी उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर करायला निघालो होतो. पण तेवढ्यात मुलांनी टॅबभोवती असा गराडा घातला, की माझ्या बक्षिसाची कोणाला गरज राहिली नाही. बक्षिसाची यादी तशीच राहिली, हे मात्र मला अजून खुपतं. छापून भिंतीवर लागलेला निकाल बदलत नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले. तेही कुलपाच्याच पिढीतले.

निघताना त्या मुलीनं वही पुढं केली. म्हणाली, "सर, तुम्हीपण एक काढा की."

टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं, "मला येत नाही." ती म्हणाली, "तुम्हीच म्हणलात, नाही आलं तरी काढायचं." स्वतःचं भाषण इतक्या लवकर अंगावर येईल, असं वाटलं नव्हतं. पेन्सिल घेतली आणि साठ वर्षांपूर्वी राहिलेली गाय काढली. मनापासून काढली. शिंगं, शेपूट, चार पाय, मोजून चार.

तिनं वही हातात घेतली, जरा लांब धरली. उलटी धरली नाही, हे तिचे उपकार. मग म्हणाली, "आळ्याचा रेडा व्हय?"

ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. मी मान हलवली. दुसरं काय करणार? तिनं पेन्सिल घेऊन त्याच्या तोंडापुढं एक भला मोठा फुगा काढला, तो रिकामाच ठेवला आणि वही मला देत म्हणाली, "आता तुम्ही लिहा. तो बोलतो."